अन्व्याचा मढ

१२. 'अन्व्याचा मढ' : मढ म्हणजे मठ, पण अन्व्याला आहे ते देऊळ, बाराव्या शतकातले. लेखकाने गाव औरंगाबाद जिल्ह्यात दाखवले, ते त्या काळी बरोबरच होते. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा वेगळा झाला आणि भोकरदन तालुक्याबरोबर अन्वाही तिकडे गेले. 'हेमाडपंती' हा शब्द मात्र लेखकाने सवयीने वापरलेला दिसतो. हा शब्द ज्याच्या नावावरून आला तो यादवांचा मंत्री हेमाद्री तेराव्या शतकातला, म्हणजे या देवळानंतरचा. आज गाभाऱ्यात शिवलिंग असले, तरी बाहेरच्या भिंतींवर विष्णूच्या शक्तींच्या मूर्ती आहेत, म्हणून देऊळ मुळात वैष्णव असावे. अजिंठ्याला जाणाऱ्या वाचकांनी गोळेगावहून वाट वाकडी करावी आणि आधी बाहेरून सावकाश प्रदक्षिणा घालावी.
— संपादक