दहावीच्या तोंडावर लक्षात येणारी अध्ययन अक्षमता

नववीचा निकाल लागला की काही पालक मुलाच्या उत्तरपत्रिका घेऊन दवाखान्यात येतात. तक्रार साधारण एकच असते: तोंडी विचारले तर सगळे सांगतो, पेपरात मात्र काही उतरत नाही. शाळेचा शेरा असतो ‘लक्ष देत नाही’, आणि घरी मोबाईल बंद, क्लास दुप्पट झालेला असतो. यातल्या काही मुलांना विशिष्ट अध्ययन अक्षमता असते. वाचनातल्या अडचणीला डिस्लेक्सिया, लेखनातल्या अडचणीला डिसग्राफिया आणि गणितातल्या अडचणीला डिसकॅल्क्युलिया म्हणतात.

हा मतिमंदपणा नव्हे. या मुलांची बुद्धी सरासरी किंवा त्याहून चांगली असते. अक्षर आणि उच्चार यांची सांगड घालणे, वाक्य मनात धरून कागदावर उतरवणे ही कामे मेंदूत सहजपणे होत नाहीत. ही अडचण जन्मजात असते आणि अनेकदा घराण्यात आणखी कोणाला असते. ‘मलाही शाळेत असेच व्हायचे’ हे वाक्य वडिलांच्या तोंडून तपासणीच्या खोलीत बऱ्याचदा ऐकू येते.

इतक्या उशिरा का कळते?

‘तारे जमीन पर’ मधला मुलगा आठ वर्षांचा होता. आपल्याकडे येणारा बहुधा चौदाचा असतो. पाठांतरावर आणि आईच्या मेहनतीवर तो आठवीपर्यंत निभावून नेतो. शिवाय मराठीत जसे लिहिले तसे वाचले जाते, त्यामुळे मराठी वाचन कसेबसे जमते. इंग्रजीत ते चालत नाही. डोंबिवली-कल्याणकडच्या सेमी-इंग्रजी वर्गांत गणित आणि विज्ञान इंग्रजीतून सुरू झाले की अडचण उघडी पडते.

वह्यांमध्ये पाहा: एकच शब्द एका पानावर तीन प्रकारे लिहिलेला, वेलांटी-उकार आणि जोडाक्षरे सतत चुकलेली, फळ्यावरचे अर्धवट उतरवलेले, गणिताची रीत बरोबर पण आकडे उलटे. एखाद-दुसरी चूक सगळेच करतात. वर्षानुवर्षे तेच दिसत असेल तर तपासणी करावी.

तपासणी आणि प्रमाणपत्र

आधी डोळे आणि कान तपासून घ्यावेत. त्यानंतर मानसशास्त्रज्ञ बुद्ध्यांक चाचणी घेतात आणि विशेष शिक्षक वाचन, लेखन व गणिताची पातळी इयत्तेशी ताडून पाहतात. सोबत अतिचंचलता किंवा चिंता आहे का, हेही बघितले जाते, कारण त्यांवर उपचार आहेत. अध्ययन अक्षमतेवर मात्र गोळी नाही. ‘मेंदूचे टॉनिक’ विकत घेऊ नये.

खासगी अहवाल निदानाला उपयोगी पडतो, पण मंडळाच्या सवलतीसाठी अधिकृत रुग्णालयाचे प्रमाणपत्र लागते. मुंबईत शीव (लोकमान्य टिळक), केईएम आणि नायर या महापालिका रुग्णालयांत ही तपासणी होते. ठाण्याच्या जिल्हा रुग्णालयातही आधी चौकशी करावी. एका फेरीत काम होत नाही. कल्याणहून शीवला चार-पाच वेळा जावे लागेल असे धरूनच चाला, आणि मागच्या दोन-तीन वर्षांच्या वह्या, उत्तरपत्रिका व शाळेचे पत्र सोबत न्या. दहावीचा फॉर्म दिवाळीच्या आसपास भरला जातो, म्हणून नववीच्या उन्हाळी सुट्टीतच नंबर लावणे बरे. जानेवारीत आलेल्या पालकांना ‘उशीर झाला’ म्हणणे डॉक्टरलाही जड जाते.

केंद्र सरकारच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार हे प्रमाणपत्र आठव्या वर्षापासून मिळत असे. चौदाव्या आणि अठराव्या वर्षी फेरतपासणी होत असे. अठराव्या वर्षीचे आयुष्यभर चालत असे. लहानपणचे जुने प्रमाणपत्र असेल तर तारीख बघून घ्या.

परीक्षेत काय मिळते?

महाराष्ट्रात 1996 पासून या मुलांना बोर्डाच्या परीक्षेत सवलती आहेत. ताशी 20 मिनिटे जादा, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. गरजेनुसार लेखनिक, कॅल्क्युलेटर, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष. लेखनिक खालच्या इयत्तेतला असावा लागतो. प्रस्ताव शाळेमार्फत वाशीच्या मुंबई विभागीय मंडळाकडे जातो. मंजुरीची प्रत स्वतःजवळही ठेवा. लेखनिकाला सांगून उत्तर लिहवून घेणे हे वेगळे कौशल्य आहे, त्याचा सराव सहामाहीपासून करावा. पहिल्याच पेपरला अनोळखी लेखनिक समोर आला की हुशार मूलही गडबडते.

गणितातून पळ काढण्यासाठी विषय बदलण्याची सवलत घेण्याआधी थांबा. सातवीच्या पातळीचे गणित घेतले की पुढे विज्ञान शाखा आणि पदविका अभियांत्रिकीचे दार बंद होऊ शकते.

दहावीनंतर

एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर अकरावीला प्रवेश मिळतो आणि पुरवणी परीक्षा जून-जुलैमध्ये असते. सवलती बारावीतही चालू राहतात. उच्च शिक्षणातल्या राखीव जागेसाठी मात्र किमान 40 टक्के नमूद केलेले दिव्यांगत्व प्रमाणपत्र लागते. नुसते परीक्षा सवलतीचे पत्र पुरत नाही. हाताने काम करण्यात रमणाऱ्या मुलाला ठाणे किंवा अंबरनाथच्या आयटीआयची कार्यशाळा एकदा दाखवून आणावी.

मूल जेवत-झोपत नसेल, ‘माझा काही उपयोग नाही’ असे बोलत असेल किंवा स्वतःला इजा करत असेल, तर प्रमाणपत्राची वाट न पाहता लगेच मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या, त्याला एकटे ठेवू नका. टेली-मानसचा 14416 हा विनाशुल्क क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येते.