मोटारीने पायरी सोडली

पालखी खाली बसते. उंट बसतो. एवढा थोरला हत्ती, पण माहुताने सांगितले की तोही मुकाट्याने गुडघे टेकतो. मग शिडी लावली की राजापासून राजाच्या मेहुण्यापर्यंत कोणीही वर चढावे. वाहनाने बसायचे आणि माणसाने चढायचे, अशी जुनी रीत होती. चाके आली आणि ही रीत मोडली. चाकाला गुडघे नसतात. तेव्हापासून वाकायचे, पाय उचलायचा, 'आई गं' म्हणायचे ही सगळी कामे माणसाकडे आली. टांग्याला निदान मागे एक लोखंडी पायदान असे. त्यावर एखाद्या वजनदार गृहस्थांनी पाय ठेवला की टांगा मागे झुके आणि पुढे घोडा क्षणभर विचारात पडे.

मोटार ही या घोडागाडीची लेक. माहेरून तिने ज्या वस्तू आणल्या त्यांत ही पायरी होती, आणि तिला तिची गरजही होती. सुरुवातीच्या मोटारी म्हणजे चाळीसारखे मजल्यावर मजले. खाली आस, आसावर स्प्रिंगा, स्प्रिंगांवर लोखंडी सांगाडा आणि त्या सांगाड्यावर बसायची पेटी. रस्ते चिखलाचे आणि खडकाळ, म्हणून चाकेही मोठाली. एवढ्या उंचीवर धोतर किंवा झगा सावरून चढायचे कसे? म्हणून पुढच्या मडगार्डापासून मागच्या मडगार्डापर्यंत दोन्ही बाजूंना एकेक लांब फळी बसवली. साहेब तिला रनिंग बोर्ड म्हणतो. आपण फूटबोर्ड म्हणत आलो. चाकांनी उडवलेला चिखल अडवणे हेही तिचेच काम.

हेन्री फोर्डची ती सुप्रसिद्ध मॉडेल टी १९०८ साली निघाली आणि १९२७ पर्यंत दीड कोटीहून अधिक खपली. म्हणजे त्या एकाच मॉडेलबरोबर तीन कोटी फळ्या जगात आल्या. त्या नुसत्या पाय ठेवायला नव्हत्या. सुरुवातीच्या गाड्यांचे पुढचे दिवे गॅसवर चालत. तो गॅस तयार करणारा कार्बाइडचा डबा फळीवर. हत्यारांची पेटी फळीवर. सहलीला निघालेल्या कुटुंबाच्या ट्रंका आणि वळकट्या, घडीचा कठडा लावून, फळीवर. सामान एकदा बांधले की त्या बाजूचे दार उघडत नसे. मग सगळ्या कुटुंबाने दुसऱ्या बाजूने उतरायचे. आपल्याकडे आठ माणसांच्या घराला एकच दार असते, तेव्हा आपल्याला यात काही विशेष वाटू नये.

पण फळीचा खरा उपयोग माणसे उभी करण्यासाठी झाला. आपल्या जुन्या घरांना ओटा असे ना, तसा फूटबोर्ड हा मोटारीचा ओटा होता. ओट्यावर बसलेला माणूस धड घरातला नसतो आणि धड रस्त्यावरचाही नसतो. त्याला आत बोलावले नाही म्हणून तो रागावत नाही आणि 'जा' म्हणायची यजमानावर पाळी येत नाही. राजेरजवाड्यांच्या शिकारीच्या मोटारींवर हुजरे असेच उभे राहत. अमेरिकेतल्या गुंडांच्या सिनेमांत तर फळीवर उभे राहून गोळ्या झाडल्याशिवाय पोलिसाला पोलिस म्हणत नसत. मुंबईत १८७४ साली घोड्यांची ट्राम आली, १९०७ साली विजेची आली आणि १९६४ साली शेवटची ट्राम गेली. त्या सगळ्या काळात ट्रामच्या फूटबोर्डावर किती मुंबईकर लोंबकळले असतील याचा हिशेब कोणी ठेवला नाही. तिकीट काढायच्या आत उतरता येते, हा शोध त्यांच्यापैकीच कोणाचा तरी.

या फळीने एकदा फार गंभीर कामही केले. अमेरिकेच्या अध्यक्षांचे रक्षक त्यांच्या ताफ्यातील गाड्यांच्या फळ्यांवर उभे राहत. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी डलास शहरात केनेडींच्या उघड्या मोटारीमागे रक्षकांची कॅडिलॅक चालली होती. तिच्या डाव्या फळीवर क्लिंट हिल नावाचा रक्षक उभा होता. गोळीचा आवाज येताच तो फळीवरून उडी टाकून धावला, पुढच्या गाडीच्या मागच्या लहानशा पायरीवर त्याने पाय रोवला आणि मागे सरकत आलेल्या जॅकलीनबाईंना त्याने पुन्हा आसनावर ढकलले. अध्यक्ष वाचले नाहीत. पण त्या भयंकर सेकंदांत जो माणूस पोहोचला, तो दार उघडून नव्हे, फळीवरून पोहोचला.

तोवर सामान्य माणसाच्या मोटारीवरून मात्र ही फळी नाहीशी झालेली होती. १९३६ सालच्या कॉर्ड ८१० या अमेरिकन मोटारीला गॉर्डन ब्युरिग यांनी फळीच ठेवली नाही. शिवाय पुढचे दिवे मडगार्डांत लपवले. ते बाहेर काढायला आत बसून हाताने दांडे फिरवावे लागत. फळी काढण्यामागे सौंदर्यदृष्टी होती, तसा हिशेबही होता. सांगाड्याच्या दोन दांड्यांमध्ये तळ खाली घेता येतो हे लक्षात आले होते. तळ खाली आला की पायरी कशाला? मग बॉडी बाहेर सरकली आणि फळीची जागा तिने गिळली. आपण गॅलरीला खिडक्या लावून तिची 'अर्धी खोली' करतो, त्यातलाच हा प्रकार. आत मागच्या बाकावर तिसरा माणूस मावू लागला आणि बाहेरचा ओटा गेला. १९४८ साली हडसन कंपनीने तर तळ इतका खाली नेला की गाडीत चढण्याऐवजी उतरावे लागे, आणि कंपनी याचीच जाहिरात करी.

जुन्या घराण्यातली फोक्सवॅगनची बीटल तेवढी हट्टाने फळी सांभाळून होती. २००३ साली मेक्सिकोत शेवटची बीटल बाहेर पडली, तिलाही फळी होती. आपली ॲम्बेसेडर मॉरिस ऑक्सफर्डवरून बेतलेली. ती २०१४ पर्यंत निघत होती, पण फळीवाचूनच. तिच्यात मंत्र्यांपासून लग्नातल्या वऱ्हाडापर्यंत सगळे सरळ पाय टाकून बसले आणि कोणाचा गुडघा बोलला नाही.

मग १९९४ साली पुण्यात टाटांची सुमो आली. सुमंत मुळगावकरांच्या नावातली पहिली दोन अक्षरे घेऊन ही बारशाची हौस भागवली होती. २००२ साली नाशिकहून महिंद्रांची स्कॉर्पिओ आली. मध्यमवर्गीयाला एकाएकी उंच बसावेसे वाटू लागले. गाडी उंच झाली, की ऐंशी वर्षांपूर्वीचा प्रश्न पुन्हा दारात उभा: चढायचे कसे? आणि उत्तरही तेच. फळी परत आली. फक्त आता ती ॲल्युमिनियमची होती आणि तिचे वेगळे पैसे पडत.

हा इतिहास मी उगाळीत बसलो आहे त्याला कारण आमच्या घरातली गाडी. तिला अशी फळी होती. ती काढून तिथे 'साइड स्कर्ट' बसवायचे, असे आमच्या चिरंजीवांनी जाहीर केले. स्कर्ट हा शब्द ऐकून आई चमकली. मोटारीला परकर कशाला, असे तिचे म्हणणे. चिरंजीव इंजिनिअर असल्यामुळे त्यांनी व्याख्यान दिले.

व्याख्यान खोटे नव्हते. १९७७ साली कॉलिन चॅपमनच्या लोटस कंपनीने शर्यतीची एक गाडी काढली. तिच्या पोटाच्या दोन्ही बाजूंना विमानाच्या उलट्या पंखासारखा आकार दिला होता. खालून हवा जोरात धावली की तिथला दाब कमी होतो आणि गाडी रस्त्याला चिकटते. बाजूने बाहेरची हवा आत शिरू नये म्हणून कडेला जमिनीपर्यंत झालर लावायची. हाच तो स्कर्ट. त्या जोरावर १९७८ साली मारियो आंद्रेत्ती जगज्जेता झाला. मात्र वळणावर ही झालर अडकली किंवा उचलली गेली, की गाडीची पकड क्षणात सुटे. म्हणून १९८१ साली वरखाली सरकणाऱ्या झालरींवर बंदी आली आणि १९८३ पासून शर्यतीच्या गाडीचे पोट सपाट ठेवणे सक्तीचे झाले.

"आजी, याने गाडी रस्त्याला घट्ट धरून राहते," चिरंजीवांनी समारोप केला.

"देवळापर्यंतच जायचं असतं रे," आई म्हणाली. "ती कुठे उडते? आणि पायरी काढलीस तर मी चढू कशी?"

"ती फळी फार जुनाट दिसते, आजी."

"मीही दिसते."

चिरंजीवांची बाजूही अगदी लंगडी नव्हती. फळी पाय ठेवायला अरुंद आणि पँटची मागची बाजू चिखलाने माखायला पुरेशी रुंद, हा अनुभव घरातल्या प्रत्येक पुरुषाचा होता. धोब्याची साक्ष काढता आली असती. गॅरेजमध्ये गंजलेल्या बोल्टांनी अर्धा दिवस दाद दिली नाही. अखेर फळ्या निघाल्या आणि क्लिपा, स्क्रू व चिकटपट्टी यांच्या मदतीने प्लॅस्टिकचे स्कर्ट बसले. गाडी खरोखर देखणी दिसू लागली. जमिनीपासून जराशी बसल्यासारखी वाटे. बसली मात्र नव्हती. सीट होती तिथेच, तेवढ्याच उंचीवर.

आईने तक्रार केली नाही. तिने फक्त गाडीत बसणे सोडले. गुरुवारी देवळात जाऊ म्हटले की, "आज नको, पाय दुखतोय." मावशीकडे जाऊ म्हटले की, "तीच येईल हो कधीतरी." दोन महिन्यांत ती डॉक्टरांखेरीज कुठेच गेली नाही, आणि तिथेही रिक्षाने गेली. म्हातारी माणसे भांडून बाहेर पडणे बंद करीत नाहीत. एकेक जाणे गाळत जातात, आणि शेवटी कुठे जायचे राहिलेच नाही असे आपल्यालाही वाटू लागते. आज शहरांतल्या काही बसगाड्या थांब्यावर एका अंगाला झुकतात, काही महागड्या मोटारी हवेवरच्या स्प्रिंगांनिशी खाली येतात. हत्तीला जे येत होते ते यंत्राला यायला शंभरएक वर्षे लागली. पण आमच्या गाडीपर्यंत ती विद्या पोहोचलेली नाही.

ही गोष्ट सर्वांआधी चिरंजीवांच्या लक्षात आली, हे मला सांगितले पाहिजे. एका रविवारी माळ्यावर टाकलेली फळी त्यांनी काढली, वेल्डिंगवाल्याकडे नेली, तिचे दोन तुकडे करून खाली चार पाय लावले आणि वर रबर चिकटवून दोन पायऱ्यांचा चांगला भक्कम पाट करून आणला. तो डिकीत असतो. गाडी थांबली की चिरंजीव उतरतात, मागे जाऊन पाट काढतात, दाराशी मांडतात आणि आजीला हात देतात. ती उतरली की पाट उचलून पुन्हा डिकीत. जे काम फळी बिनबोभाट करीत होती त्याला आता एक पदवीधर इंजिनिअर लागतो.

आईचे गुरुवार पुन्हा सुरू झाले आहेत. मावशीकडेही दोनदा जाणे झाले. गेल्या गुरुवारी तिने शेजारच्या काकूंनाही बरोबर घेतले. देवळापाशी गाडी थांबली, पाट मांडला गेला आणि चिरंजीवांनी सवयीने आजीपुढे हात केला.

"आधी काकूंना दे रे," आई आतूनच म्हणाली. "त्यांचा डावा गुडघा माझ्याहून वाईट आहे."