मोशेने मागितलेले दर्शन

सीनायच्या डोंगरावर मोशेने देवाकडे एक गोष्ट मागितली आणि ती त्याला मिळाली नाही. तुझे तेज मला दाखव, एवढीच त्याची विनंती होती. निर्गमाच्या ३३ व्या अध्यायात तिचे उत्तर आहे. देवाचे मुख पाहून माणूस जिवंत राहू शकत नाही, म्हणून मोशेने खडकाच्या कपारीत उभे राहायचे; देव जवळून जाईल, जाताना त्याच्यावर हात धरील आणि हात काढल्यावर मोशेला फक्त पाठ दिसेल. नवल असे, की त्याच अध्यायात काही ओळी आधी सांगितले आहे की मित्राशी बोलावे तसा देव मोशेशी समोरासमोर बोलत असे. आणि २४ व्या अध्यायात तर इस्राएलाचे सत्तर वडील डोंगरावर चढतात, देवाला पाहतात, त्याच्या पायांखाली नीलमण्याची फरसबंदी पाहतात आणि तिथेच बसून जेवतात. पुढे नव्या करारात योहान लिहितो की देवाला कधीच कुणी पाहिलेले नाही.

ही विसंगती शास्त्र लिहिणाऱ्यांच्या नजरेतून सुटली असेल, असे मला वाटत नाही. त्यांनी ती जाणून ठेवली. ख्रिस्ती लोकांनी पुढची दीड हजार वर्षे तिच्याशी झुंज दिली, आणि त्या झुंजीच्या खुणा एकाच ठिकाणी पाहायच्या असतील तर ते ठिकाण म्हणजे सीनायचा डोंगर मानल्या जाणाऱ्या जबल मुसाच्या पायथ्याचा मठ, ज्याला आज सेंट कॅथरीनचा मठ म्हणतात.

मी नगरची. आमची मंडळी अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतली. या मिशनने १८३१ साली नगरमध्ये काम सुरू केले. आमच्या मंदिरात एका भिंतीवर रंगवलेले वचन आहे, मेजावर उघडे शास्त्र आहे आणि बाकी सगळा पांढरा चुना. मी आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवली आणि दर रविवारी चित्र नसलेल्या भिंतीसमोर बसले. दोन्हींवर माझे मनापासून प्रेम आहे. ती कोरी भिंत मिशनरी साहेबांनी बोटीतून आणली, असे आमच्याकडे काही जण समजतात. तिचे मूळ त्याहून फार जुने आहे. अनुवादाच्या ४ थ्या अध्यायात मोशे लोकांना आठवण करून देतो, की होरेबात अग्नीतून देव बोलला तेव्हा तुम्ही शब्द ऐकले, आकृती मात्र कोणतीच पाहिली नाही; म्हणून कसलीही मूर्ती करू नका. होरेब म्हणजेच सीनाय. आमची भिंतसुद्धा त्याच डोंगरावरून आलेली आहे.

पवित्र भूमीच्या यात्रेला गेलेल्या आमच्या गटात वसईच्या एक कॅथलिक मावशी होत्या. मठाच्या दारात त्यांनी मला विचारले, "बाई, तुमच्याकडे साधा क्रूसावरचा ख्रिस्तही नसतो, मग डोळे कुठे ठेवता?" मी म्हटले, "मावशी, आम्ही कान ठेवतो." त्या हसल्या नाहीत. त्यांनी मान डोलावली आणि माझा हात धरून आत नेले.

या जागेचे सर्वांत जुने तपशीलवार वर्णन एका बाईने लिहिले आहे. एजेरिया तिचे नाव. चौथ्या शतकाच्या अखेरीस, ३८१ ते ३८४ या काळात, ती पश्चिमेच्या टोकाकडून पूर्वेच्या तीर्थांना आली आणि घरच्या भगिनींना तिने पत्ररूपाने सगळे कळवले. डोंगराला वळसे घेत चढता येत नाही, भिंत चढावी तसे सरळ वर जावे लागते, असे ती सांगते. वर राहणाऱ्या संन्याशांनी तिला डोंगरावरची फळे प्रसाद म्हणून दिली. खाली दरीत एका बागेत तिला ते झुडूपही दाखवले, ज्यातून देव मोशेशी बोलला. ते अजून जिवंत आहे आणि त्याला धुमारे फुटतात, अशी तिची नोंद आहे. अशी बारकाईने पाहणारी आणि कुठेही न फुगवणारी प्रवासी मला दुसरी माहीत नाही.

ती येऊन गेल्यावर थोड्याच वर्षांत, ३९९ साली, शेजारच्या इजिप्तच्या वाळवंटात देवाच्या रूपावरून मोठा गहजब झाला. देवाला माणसासारखे रूप नाही, असे पत्र अलेक्झांड्रियाचा बिशप थिऑफिलस याने पाठवले. उत्पत्तीत तर लिहिले आहे की माणूस देवाच्या प्रतिरूपाचा आहे. तेव्हा देवाला डोळे, हात, मुख असणारच, असे अनेक साध्याभोळ्या मठवासीयांना वाटत होते. त्यांच्यात सेरापियन नावाचा म्हातारा तपस्वी होता. त्याला शास्त्रातून समजावून देण्यात आले, त्याला पटलेही, आणि सगळे प्रार्थनेला उभे राहिले. तेव्हा तो जमिनीवर कोसळून रडू लागला. माझा देव त्यांनी माझ्याकडून नेला, आता मी कुणाला धरू, कुणाची भक्ती करू, असा त्याचा आक्रोश होता. त्या काळी तिथे असलेल्या जॉन कॅशियनने ही हकिगत लिहून ठेवली. कॅशियन सेरापियनला चुकलेला मानतो. सिद्धांत कॅशियनचाच बरोबर आहे. पण मला त्या म्हाताऱ्याचे रडणे त्याच्या सिद्धांताइतकेच महत्त्वाचे वाटते. निराकाराची शिकवण ज्याला सहज पचते, त्याने बहुधा कधी कुणाला घट्ट धरलेलेच नसते.

विद्वानांनी तिढा दुसऱ्या बाजूने सोडवायला घेतला होता. दुसऱ्या शतकाच्या मध्याला जस्टिन हा तत्त्वज्ञ ट्रायफो नावाच्या यहुद्याशी झालेला संवाद लिहितो. मम्रेच्या एला वृक्षांपाशी अब्राहामाकडे जो आला, झुडपातून जो बोलला, तो पिता नव्हता. तो पित्याचा शब्द होता, म्हणजे पुढे देहधारी झालेला ख्रिस्त, असे त्याचे म्हणणे. ही मांडणी फार काळ टिकली. पण चौथ्या शतकात एरियसपंथीयांनी तिलाच हत्यार केले. पुत्र दिसतो आणि पिता दिसत नाही, तर मग पुत्र कमी दर्जाचा, असे ते म्हणू लागले. तेव्हा ऑगस्टीनने आपल्या त्रैक्यावरच्या ग्रंथात रस्ताच बदलला. पिता, पुत्र, आत्मा यांपैकी कुणीही आपल्या मूळ स्वरूपात डोळ्यांना दिसत नाही. झुडपातली ज्वाला, ढग, अब्राहामाकडे आलेले तीन पाहुणे ही देवदूतांच्या हातून योजलेली, निर्माण केलेली चिन्हे होती, असे त्याने मांडले. तर्क भक्कम आहे. तरी माझे मन त्याच्याबरोबर पूर्ण जात नाही, कारण त्या तर्कात मोशेची विनंती तशीच लोंबकळत राहते.

तिचे उत्तर मला मठाच्या चर्चमध्ये, वेदीवरच्या अर्धघुमटात मिळाले.

हे चर्च सम्राट जस्टिनियनने बांधवले. छताच्या लाकडी तुळयांवर कोरलेल्या लेखांत सम्राटाच्या क्षेमासाठी प्रार्थना आहे आणि त्याची राणी थिओडोरा हिच्या आत्म्याच्या विसाव्यासाठीही. थिओडोरा ५४८ साली वारली, जस्टिनियन ५६५ साली. तेव्हा बांधकाम त्या दोन सालांच्या दरम्यानचे. तिसऱ्या तुळईवर बांधणाऱ्याचे नाव आहे: आयलाचा स्टेफानोस. अर्धघुमटातले मोझॅक त्याच शतकातले. त्यात सीनायचा प्रसंग नाही! मधोमध रूपांतराचा ख्रिस्त आहे: गालीलातल्या डोंगरावर शिष्यांसमोर ज्याचे मुख सूर्यासारखे झाले, तो. खाली पेत्र आडवा पडलेला, योहान आणि याकोब गुडघ्यांवर. ख्रिस्ताच्या दोन बाजूंना दोघे उभे आहेत, एलीया आणि मोशे.

दोघेही याच डोंगराशी जोडलेले. मोशेला इथे मुख नाकारले गेले. एलीया जीव वाचवत होरेबला आला. वारा सुटला, भूकंप झाला, अग्नी आला, आणि देव त्यांत नव्हता. मग एक मंद, बारीक वाणी आली, तेव्हा एलीयाने स्वतःच झग्याने तोंड झाकून घेतले. एकाला पाहू दिले नाही, दुसऱ्याला पाहवले नाही. मोझॅकमध्ये ते दोघे उघड्या तोंडाने ख्रिस्ताच्या मुखाशेजारी उभे आहेत. लिऑनचा बिशप इरेनियस याने दुसऱ्या शतकातच लिहून ठेवले होते की मोशेला दिलेले जुने वचन त्या दुसऱ्या डोंगरावर, एलीयाच्या साक्षीने, पुरे झाले. सीनायच्या कारागिरांनी ते अर्धघुमटात मांडले, आणि वरच्या भिंतीवर खिडकीच्या एका बाजूला जोड्याचा बंद सोडणारा मोशे, दुसऱ्या बाजूला नियमशास्त्र घेणारा मोशे, असे दोन चौकोन ठेवले. नजर वरच्या दोन प्रसंगांवरून खाली उतरते आणि त्या मुखाशी थांबते.

चित्रकलेच्या शिक्षिकेला मात्र आणखी एक गोष्ट दिसते. ख्रिस्ताभोवती निळे लंबवर्तुळ आहे, एकात एक पट्टे असलेले. प्रकाश दाखवायचा तर कुणीही मध्यभागी फिकट रंग घेईल आणि कडेला गडद करत नेईल. मुलांना आपण तेच शिकवतो. इथे उलट आहे. कडेचा पट्टा फिकट, आणि ख्रिस्ताजवळ जाऊ तसतसा निळा गडद होतो. त्यातून किरण मात्र बाहेर पडतात. हा अपघात नाही. न्यिसाच्या ग्रेगरीने चौथ्या शतकात मोशेचे चरित्र लिहिताना हाच क्रम लावला होता: आधी झुडपातला प्रकाश, मग मेघ, मग दाट अंधार. माणूस देवाच्या जितका जवळ जातो तितके त्याला कळते की हा आपल्या कळण्यापलीकडचा आहे, आणि ते न कळणे हेच त्याचे पाहणे. त्या कारागिराने ग्रेगरी वाचला होता की नाही कोण जाणे. त्याच्या हाताला ते ठाऊक होते. मुख पूर्ण उघडे, आणि त्यामागे सर्वांत गडद निळा.

पुढे आठव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलमध्ये सम्राट तिसरा लिओ याने पवित्र चित्रांवर बंदी आणली. ७५४ साली हिएरिया येथे जमलेल्या ३३८ बिशपांनी ती धर्माज्ञा केली. त्यांच्या आधारांपैकी एक दहा आज्ञांतली दुसरी, म्हणजे सीनायवरचीच. साम्राज्यात चित्रे फोडली गेली, जाळली गेली, चुन्याखाली गेली. सीनाय तोवर शंभराहून अधिक वर्षे मुसलमान सत्तेखाली होता. सम्राटाचा हुकूम तिथे पोचत नव्हता. म्हणून सहाव्या-सातव्या शतकांतली, जगात इतरत्र जवळजवळ नष्ट झालेली चित्रे त्या वाळवंटी मठात शाबूत राहिली. मठाच्या तटाच्या आत, चर्चच्या समोर, फातिमी काळातली मशीदही उभी आहे. चित्रबंदीला सर्वांत पक्के उत्तरही खलिफाच्याच राज्यातून आले: दमास्कसचा योहान, यरुशलेमजवळच्या मार साबा मठातला. देव अदेह होता तोवर त्याचे चित्र कुणी काढले नाही. आता तो देहात आला, माणसांत वावरला, तर जे दिसले ते मी रंगवतो, असा त्याचा युक्तिवाद. ७८७ च्या नायसिया परिषदेने तो मान्य केला आणि ८४३ साली वाद कायमचा मिटला.

मठातले ख्रिस्त पँटोक्रेटर, म्हणजे सर्वसत्ताधीश ख्रिस्त, हे चित्र मी पुस्तकांतून वर्षानुवर्षे पाहिले होते. लाकडी फळी, ८४ सेंटिमीटर उंच, सहाव्या शतकातली, वितळलेल्या मेणात रंग कालवून काढलेली. मेण झपाट्याने गोठते, म्हणून हात थबकून चालत नाही. शतकानुशतके ते चेहऱ्यावर चढवलेल्या दुसऱ्या रंगाखाली झाकलेले होते. १९६२ साली साफ केल्यावर मूळ वर आले. चेहऱ्याच्या दोन बाजू सारख्या नाहीत. एक शांत, मोकळी; दुसऱ्या बाजूची भुवई चढलेली, गालावर सावली. देवपण आणि माणूसपण असा अर्थ बरेच जण लावतात. मला तो फार नेटका वाटतो. माझ्या डोळ्यांना तो समोरच्याला निरखणारा खरा चेहरा दिसतो, आणि निरखताना कुणाचाच चेहरा सारखा राहत नाही.

चौदाव्या शतकात अॅथॉस पर्वतावर प्रकाशाचा वाद पेटला तेव्हा त्यातही सीनायचा वाटा होता: सीनायवर दीक्षा घेतलेल्या आणखी एका ग्रेगरीने अॅथॉसच्या भिक्षूंना अंतःकरणाच्या प्रार्थनेची रीत शिकवली होती. रूपांतराच्या वेळी शिष्यांनी पाहिलेला उजेड देवाचाच, निर्माण न केलेला. तरी देवाचे सत्त्व अगम्यच राहते, ही ग्रेगरी पालामासची भूमिका १३५१ च्या परिषदेने उचलून धरली.

परत आल्यावर मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांनी विचारले, मग आता आपल्या मंदिरातही चित्र लावायचे म्हणता का? मी नको म्हटले. होरेबात जे ऐकू आले त्याची राखण आमची भिंत करते, आणि ते काम कुणीतरी करायलाच हवे. मात्र संडे स्कूलच्या मेजावर मी त्या मोझॅकची मोठी छापील प्रत पसरते. मुले पहिला प्रश्न नेहमी निळ्याबद्दल विचारतात: मध्ये गडद का, बाई? तेव्हा मी त्यांना निर्गमाचा २० वा अध्याय काढायला लावते आणि २१ वे वचन एकाला मोठ्याने वाचायला सांगते, जिथे सगळे लोक दूर उभे राहतात आणि मोशे एकटा त्या दाट अंधाराकडे चालत जातो.