घाण्याचें तेल आणि आगगाडी

तुमसरजवळ सातपुड्याच्या एका डोंगरावर आंबागडचा किल्ला आहे. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शहा याचा सरदार राजखान पठाण यानें तो इ. स. १७०० च्या सुमारास बांधला. पुढें नागपूरकर भोसल्यांच्या अमलांत तेथें कैदी ठेवीत. किल्ल्याची हकीकत पुष्कळांनीं लिहिली आहे. त्याच्या पायथ्याच्या मुलखांतील तेलबियांची हकीकत मात्र सहसा कोणी सांगत नाहीं.

तेल म्हटलें कीं आज स्वयंपाकघर आठवतें; पूर्वीं दिवा आठवे. या बाजूच्या रानांत मोह विपुल. चैत्रांत फुलें वेंचून झालीं कीं पावसाच्या तोंडावर फळें पिकतात. त्यांच्या बियांचें तेल थंडींत लोण्यासारखें थिजतें. तें गोंडांच्या घरीं जेवणांत चाले, अंगाला लावीत आणि दिव्यांतहि जाळीत. त्याची पेंड विषारी, गुरांना निरुपयोगी. पण डोहांत कालवली कीं मासे गुंगून वर येत. एरंडेल सावकाश व कमी काजळीनें जळे, शिवाय गाडीच्या आंसास वंगण म्हणून लागे. करंजाचें तेल दिव्यास आणि खरजेस.

जवसाची गोष्ट निराळी. धान कापण्यापूर्वीं, बांधींत ओल आहे तोंच, उभ्या पिकांत जवस फेंकावयाचा. नांगरट नाहीं कीं पाणी नाहीं. याचें तेल हवेंत सुकून चिवट पापुद्रा धरतें. याच गुणामुळें रंग, वार्निश आणि छपाईची शाई यांस तें हवेंसें झालें. इंग्लंडांत फ्रेडरिक वॉल्टन यानें १८६० नंतरच्या दशकांत त्यापासून लिनोलियम बनविलें, आणि साहेबाच्या घरची जमीनहि जवसाची झाली!

१८६७ सालीं मुंबईची आगगाडी नागपुरास पोंचली; १८८० नंतर थोड्याच वर्षांत रूळ भंडारा जिल्ह्यांतून राजनांदगांवाकडे गेले. गाडीनें घासलेट आणलें आणि बीं नेलें. तेल नेलें नाहीं, बीं नेलें. सारें मर्म येथेंच आहे. पिपांतील तेल गळतें, पोत्यांतील बीं गळत नाहीं. शिवाय कित्येक युरोपीय देशांनीं तेलावर जकात बसवून बीं मोकळें सोडलें होतें. बियाबरोबर जवसाची पेंडहि गेली. ती गुरांचा उत्तम खुराक, शेताचें खत. तेल्याचा घाणा दोन्हीं बाजूंनीं मारला गेला. दिवा घासलेटाचा झाला, आणि बीं स्टेशनावर.

पॅसिफिक महासागरांतील सामोआ बेटांत नारळाचें असेंच झालें. तेथील लोक पूर्वीं तेल काढून विकीत. हॅम्बुर्गच्या गोडेफ्रॉय पेढीनें १८६० नंतर वाळलेलें खोबरेंच जहाजांत भरावयास आरंभ केला. तेल, साबण आणि पेंड, तिन्हीं युरोपांत निघूं लागलीं. बेटवाल्यास श्रम कमी पडले हें खरें. पण तेल काढण्याचा धंदा त्याच्या हातचा गेला.

तो परत मिळविल्याचें एक उदाहरण आहे. १९९० सालीं पापुआ न्यू गिनीच्या सरकारनें बंडखोर बूगनव्हिल बेटाची नाकेबंदी केली. डिझेल मिळेना. तेव्हां लोकांनीं घरोघरच्या नारळांचें तेल काढून मोटारी त्यावर चालविल्या.

पूर्व विदर्भांत धानाच्या बांधींतून जवस अजूनहि फेंकतात. पूर्वीपेक्षां पुष्कळ कमी.