ल माँची ती संध्याकाळ

गाड्यांचे वेड मला शाळेपासूनचे. कारकुनाला रेसिंग कार परवडत नाही, पण तिच्याविषयी वाचायला कुणाची हरकत नसते. या वाचनात एक तारीख मनात रुतून बसली आहे: ११ जून १९५५.

फ्रान्समधली ल माँची २४ तासांची शर्यत. संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास माइक हॉथॉर्नची जॅग्वार पिटकडे वळताना एकदम मंदावली. तिला डिस्क ब्रेक होते. मागच्या लान्स मॅकलिनने आपली ऑस्टिन-हीली डावीकडे काढली, ती पाठून येणाऱ्या पिएर लव्हेगच्या मर्सिडीजसमोर आली. मर्सिडीज हीलीच्या उतरत्या पाठीवर चढली आणि उडून मातीच्या बांधावर आदळली. इंजिन सुटून गर्दीत घुसले. वजन कमी ठेवण्यासाठी मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची केलेली बॉडी भडकून पेटली. लव्हेगसह ८० हून अधिक माणसे गेली.

शर्यत थांबली नाही. लोक एकदम निघाले तर रुग्णवाहिकांची वाट अडेल, असे आयोजकांचे म्हणणे. मर्सिडीजने रात्रीच उरलेल्या गाड्या मागे घेतल्या. जिंकली हॉथॉर्नची जॅग्वार.

चौकशीत एकाही चालकाला दोषी धरले नाही. पूर्वी मला ही पळवाट वाटे. नोकरीत 'चालकाची चूक' एवढ्यावर मिटलेल्या फायली पाहिल्या आणि मत बदलले. तिथे रस्ता अरुंद होता, पिट आणि ट्रॅक यांच्यात काहीच आडोसा नव्हता. जागा १९२० च्या दशकातली, वेग १९५५ चा. १९५६ च्या शर्यतीआधी पिट नव्याने बांधले, रस्ता रुंद केला.

दोषी माणूस सापडला असता तर एवढे काम झाले असते का, ही शंका मला आजही आहे.