रामा शिबिरे
उत्तर अमेरिकेतील ज्यू मुलामुलींची निवासी उन्हाळी शिबिरे. ज्यू धर्मातील कन्झर्व्हेटिव्ह पंथाने पहिले शिबिर 1947 मध्ये विस्कॉन्सिन राज्यातील कॉनोव्हर येथे भरविले; शैक्षणिक मार्गदर्शन न्यूयॉर्कच्या ज्यूइश थिऑलॉजिकल सेमिनरीचे होते. हिब्रू भाषा, प्रार्थना, धर्मग्रंथांचे अध्ययन, पोहणे व खेळ असा येथील दिनक्रम. मुलांच्या गटांची जबाबदारी प्रामुख्याने महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर असते. मुलांबरोबर एकाच खोलीत राहणे, त्यांची भांडणे मिटविणे, प्रार्थना चालविणे, शनिवारी रात्री पीळदार मेणबत्ती व सुगंधी मसाल्यांसह शब्बाथ या विश्रांतिदिनाची सांगता करणारा हव्दाला विधी करविणे ही कामे ते करतात. अंगावर पडलेल्या या जबाबदारीतून पुढे अनेक रब्बी, शिक्षक व संस्थाचालक घडले. अमेरिकन ज्यू समाजाच्या नेतृत्वघडणीत या शिबिरांचा वाटा मोठा आहे.