दमा एकच नसतो : छातीचा स्कॅन काय सांगतो आणि काय सांगत नाही

दमा म्हटलं की धाप, छातीतली घरघर आणि हातातला पंप एवढंच डोळ्यांसमोर येतं. पण छातीचे डॉक्टर आता दम्याला एकच आजार मानत नाहीत. वरून त्रास सारखा दिसला तरी आतली कारणं वेगवेगळी असतात, म्हणूनच एकाला लागू पडलेलं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. हे प्रकार ओळखायला एक्स-रे, सीटी स्कॅन आणि एमआरआय यांचा कितपत उपयोग होतो, याची माहिती आम्ही इथे देत आहोत.

फोटोवरून दमा ठरत नाही

दम्याचं निदान होतं ते लक्षणांची चौकशी आणि स्पायरोमेट्री यांवरून. मशीनमध्ये जोरात फुंकायचं, मग श्वासनलिका उघडणारं औषध घ्यायचं आणि १०-१५ मिनिटांनी पुन्हा फुंकायचं. दोन्ही वेळच्या आकड्यांत ठळक फरक पडला तर दम्याला दुजोरा मिळतो.

दमेकऱ्याचा छातीचा एक्स-रे बहुतेक वेळा साफच येतो. त्यामुळे ‘फोटो नॉर्मल आहे, म्हणजे दमा नाही’ असं समजू नये. एक्स-रे काढतात तो दुसरं काही नाही ना, हे पाहायला : न्यूमोनिया, टीबी, हृदयाच्या आजारामुळे फुप्फुसात साठलेलं पाणी. लहान मूल खेळता-खेळता अचानक खोकू लागलं आणि छातीच्या एकाच बाजूला घरघर येऊ लागली, तर शेंगदाण्यासारखी वस्तू श्वासनलिकेत अडकलेली असू शकते. शेंगदाणा फोटोत दिसत नाही, पण एका बाजूला कोंडलेली हवा कधीकधी दिसते. फोटो साफ आला तरी संशय असेल तर मुलाला ताबडतोब हॉस्पिटलमध्ये न्यावं.

सीटी स्कॅन केव्हा?

पंप योग्य पद्धतीने, रोजच्या रोज घेऊनही त्रास आटोक्यात येत नसेल, तर डॉक्टर एचआरसीटी सुचवतात. त्यात मुख्यतः या गोष्टी पाहतात :

१. श्वासनलिकेची भिंत जाड झाली आहे का. अनेक वर्षांच्या, तीव्र दम्यात ती जाड होते.

२. श्वास सोडल्यावरही हवा आत कोंडून राहते का. यासाठी श्वास पूर्ण सोडायला लावून वेगळा स्कॅन घेतात. हवा कोंडत असेल तर बारीक नळ्यांमध्ये अडथळा असल्याचं कळतं.

३. नळ्यांमध्ये कफाची बुचं बसली आहेत का. अमेरिकेतल्या तीव्र दम्यावरच्या एका मोठ्या अभ्यासात (२०१८) दम्याच्या ५८ टक्के रुग्णांच्या स्कॅनमध्ये अशी बुचं सापडली, निरोगी माणसांत फक्त ४.५ टक्क्यांत. ज्यांच्यात बुचं जास्त, त्यांच्यात इओसिनोफिल या पांढऱ्या पेशीही जास्त होत्या. अशा दम्यात नाकात मांस वाढलेलं असणं आणि वास न येणं हेही बऱ्याचदा दिसतं. या प्रकारासाठी आता मेपोलिझुमॅबसारखी इंजेक्शनं आहेत. ती महाग आहेत आणि प्रत्येक दमेकऱ्यासाठी नाहीत. म्हणूनच आधी प्रकार ओळखणं गरजेचं.

टीबी समजला जाणारा दमा

आपल्या देशात सर्वांत जास्त लक्ष द्यावं असा प्रकार म्हणजे एबीपीए. हवेतल्या अॅस्परजिलस या बुरशीची काही दमेकऱ्यांना तीव्र अॅलर्जी होते. धाप, ताप, वजन घटणं, कधी खोकल्यातून रक्त, कधी तपकिरी घट्ट बेडके. एक्स-रेवर डाग दिसतात आणि टीबीच्या गोळ्या सुरू होतात. काही महिने जातात, पण फरक पडत नाही. तोवर श्वासनलिका कायमच्या रुंदावत जातात.

इथे सीटी खरी मदत करतो. रुंदावलेल्या नळ्या मुख्यतः फुप्फुसाच्या मधल्या भागात दिसतात. काही रुग्णांत कफ इतका दाट असतो की स्कॅनमध्ये तो पाठीच्या स्नायूंपेक्षाही पांढरा दिसतो. ही एबीपीएची जवळपास पक्की खूण मानली जाते. मात्र निदान एकट्या स्कॅनवर होत नाही. रक्तातलं एकूण आयजीई आणि अॅस्परजिलसचं आयजीई तपासावं लागतं. उपचार स्टिरॉइडच्या किंवा बुरशीविरोधी गोळ्यांनी होतो. थुंकीत टीबीचे जंतू सापडले नसतील आणि गोळ्यांनी फरकही नसेल, तर डॉक्टरांना एबीपीएबद्दल जरूर विचारा. पण टीबीची औषधं स्वतःहून बंद करू नका.

एमआरआयचा नवा मार्ग

साध्या एमआरआयमध्ये हवेने भरलेलं फुप्फुस काळंच दिसतं. त्यावर उपाय म्हणून खास प्रक्रिया केलेला झेनॉन वायू श्वासातून देतात. वायू पोचतो तो भाग उजळतो, पोचत नाही तो काळा राहतो. यात किरणोत्सर्ग नसतो. अमेरिकेत डिसेंबर २०२२ मध्ये याला परवानगी मिळाली. पण ही सोय मोजक्याच मोठ्या केंद्रांपुरती आहे. आपल्याकडच्या नेहमीच्या उपचारात ती नाही, आणि तिच्याविना उपचार अडतही नाही.

स्कॅनआधी हे लक्षात ठेवा

छातीच्या एका एक्स-रेत साधारण ०.१ मिलिसीव्हर्ट किरण लागतात, नेहमीच्या सीटीत सुमारे ६ ते ७. म्हणजे एक सीटी साठ-सत्तर एक्स-रेंच्या बरोबरीचा. म्हणून मुलांचा स्कॅन विनाकारण करू नये आणि गरोदर बाईने आधीच सांगावं. जुने फोटो व फिल्म जपून ठेवा. बदल कळतो तो तुलनेतून.

दम्यासाठीच्या एचआरसीटीत सहसा इंजेक्शन किंवा औषध द्यावं लागत नाही, त्यामुळे तो रोज्यातही होऊ शकतो. स्पायरोमेट्रीत मात्र औषध ओढावं लागतं, म्हणून शक्य असेल तर ती रमजानआधी उरकावी. पंपाने रोजा तुटतो की नाही यावर उलेमांमध्ये मतभेद आहेत. आपल्या मुफ्तींना विचारा. पण आजाऱ्याला रोजे नंतर पूर्ण करण्याची सवलत कुरआननेच दिली आहे. धाप लागलेली असताना पंप टाळणं जिवावर बेतू शकतं.

आणि घरात दमेकरी असेल तर लोबान, ऊद, अगरबत्ती यांचा धूर बंदच ठेवा. प्रकार कोणताही असो, धूर दमेकऱ्याला त्रासच देतो. अल्लाह सर्व आजाऱ्यांना शिफा देवो.